झाकणाखालचं दूध

पुण्यात स्वारगेटच्या आसपास जुना ट्रक किंवा टेम्पो चालवणारा माणूस पावसाळ्यात नाहीतर डिसेंबरच्या थंडीत एक प्रश्न हमखास विचारतो. सकाळी ऑइल बघायला म्हणून टॅपेट कव्हरवरचं झाकण उघडलं, तर झाकणाच्या आतल्या अंगाला पांढरट-पिवळसर, चिकट थर. "मिस्त्री, ऑइलचं दूध झालंय. हेड गॅस्केट गेलं का?" मिस्त्री झाकणाला बोट लावून बघतो आणि पुष्कळदा त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "मालक, हेड उतरवावं लागेल."

कधी ते उत्तर बरोबर असतंही. पण हेड उतरवायचं म्हणजे गाडी उभी राहणार, नवं गॅस्केट लागणार, लेथवाल्याकडे हेडचं फेसिंग होणार आणि भाडं बुडणार. एवढं करून पंधरवड्यात झाकण पुन्हा पांढरं झालं, तर मालकाने कोणाला विचारायचं? म्हणून पाना हातात घेण्याआधी, ऑइलमध्ये शिरलेलं पाणी आलं कुठून एवढं शोधायचं. त्यासाठी लागणारी बहुतेक साधनं गाडीत किंवा गॅरेजमध्ये आधीच असतात.

1. जुनी गाडी म्हणजे कोणती

पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द होते. एसटीसारख्या महामंडळांच्या बसही त्यात आल्या. खासगी मालवाहू गाडीला मात्र असं सरसकट बंधन नाही. आठ वर्षांनंतर तिला दरवर्षी फिटनेस दाखला घ्यावा लागतो. तो मिळत असेल तर गाडी चालते. त्यामुळे स्वारगेट, गुलटेकडीचं मार्केट यार्ड, भवानी पेठेतलं टिंबर मार्केट या भागात वीस-वीस वर्षांची इंजिनं अजून रोज काम करताना दिसतात.

त्यांतलं एक ओळखीचं इंजिन म्हणजे टाटांचं 697. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर, असा त्या आकड्याचा हिशोब. टाटांनी 1954 साली मर्सिडीज-बेंझशी ट्रक बांधण्याचा करार केला होता आणि तो 1969 पर्यंत चालला. या इंजिनाची मापं त्याच घराण्यातली आहेत: 97 बोअर, 128 स्ट्रोक, एकूण 5.675 लिटर. पुढे आकडेमोड लागेल तिथे हेच इंजिन धरू. बाकी सगळं कुठल्याही जुन्या डिझेल इंजिनाला लागू आहे.

2. ऑइल पांढरं का होतं

पाणी आणि तेल एकत्र राहत नाहीत, हे आपण शाळेत शिकलो. ते खरं असलं तरी अपुरं आहे. शांत ठेवलं तर ती वेगळी होतात. जोरात घुसळली आणि त्यांत धरून ठेवणारं तिसरं काही असलं, तर पाण्याचे अतिबारीक थेंब तेलात तसेच लोंबकळत राहतात. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. गाईचं दूधही इमल्शनच, फक्त तिथे पाण्यात स्निग्धांशाचे थेंब असतात आणि इथे ऑइलमध्ये पाण्याचे. दोन्हीकडे पांढरेपणा रंगद्रव्यामुळे येत नाही. असंख्य थेंबांवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं.

इंजिनात घुसळायला क्रँक आहे. ती मिनिटाला हजार-दोन हजार फेरे मारते. आणि धरून ठेवायला खुद्द ऑइल आहे. काजळी आणि मळ तळाशी बसू नये म्हणून इंजिन ऑइलमध्ये मुद्दाम काही रसायनं घातलेली असतात. ती मळाला धरून ठेवतात, तशीच पाण्यालाही धरतात. म्हणून चांगलं ऑइल घातलेल्या गाडीत दूध दिसलं, तर दोष ऑइलच्या ब्रँडचा नसतो. पाणी आत आलंय, एवढंच ते ऑइल सांगत असतं.

आता खरा प्रश्न. इंजिनात पाणी दोन प्रकारचं असतं: एक इंजिन स्वतः तयार करतं, आणि दुसरं बाहेरून, म्हणजे रेडिएटरमधून किंवा रस्त्यावरून येतं. पहिल्या पाण्याची आठवण फार कमी जणांना असते.

3. डिझेल जळून पाणी होतं

डिझेल हे कार्बन आणि हायड्रोजनचं बनलेलं असतं. कार्बन जळून धुरातला वायू होतो, हायड्रोजन जळून पाणी होतं. किती? एक लिटर डिझेलचं वजन साधारण 835 ग्रॅम. त्यातला सुमारे 14 टक्के हायड्रोजन, म्हणजे 115 ग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅम हायड्रोजन जळला की नऊ ग्रॅम पाणी होतं. 115 गुणिले 9, म्हणजे 1035 ग्रॅम. थोडक्यात, लिटरभर डिझेल जाळा आणि लिटरभर पाणी मिळवा.

स्वारगेट ते सातारा सुमारे 110 किलोमीटर. भरलेला जुना ट्रक लिटरला साडेचार किलोमीटर देत असेल, तर चोवीस-पंचवीस लिटर डिझेल लागलं आणि साताऱ्याला पोहोचेपर्यंत तेवढंच पाणीही इंजिनाने तयार केलं. सीएनजीवरच्या गाड्यांत तर हे प्रमाण जास्तच असतं, कारण त्या वायूत हायड्रोजनचा वाटा मोठा: किलोभर मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी.

हे जवळजवळ सगळं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण पिस्टन रिंगा कधीच शंभर टक्के बंद नसतात. थोडा धूर आणि त्याबरोबर वाफ रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन जुनं, रिंगा झिजलेल्या, तर जास्त उतरते. तिला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ऑइल पुरेसं तापलं असेल, तर वाफ वाफच राहते आणि ब्रीदरमधून निघून जाते. ऑइल थंड असेल, तर ती आतच जिरते.

भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा. वाफ सगळीकडे सारखीच फिरते, पण थेंब धरतात झाकणावर, कारण पातेल्यातली सर्वांत थंड जागा तीच. इंजिनात ती जागा म्हणजे वरचं टॅपेट कव्हर आणि त्यावरचं ऑइल भरायचं झाकण. ते जळणापासून सर्वांत लांब असतं, बोनेटखालची हवा त्याला लागत असते, आणि तिथपर्यंत ऑइलचे फक्त शिंतोडे पोहोचतात. ते शिंतोडे आणि वाफेचे थेंब तिथेच मिसळतात. मालकाला सकाळी दिसतं ते हे दूध. खाली चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीतलं, दहा-बारा लिटर ऑइल तेव्हा अगदी काळंभोर, निरोगी असू शकतं.

4. वॉल्व काढून टाकलेली गाडी

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते हीच आहे, आणि ती पुण्याच्या भूगोलाशी बांधलेली आहे.

सातारा रस्त्याने जाणाऱ्या गाडीला आधी कात्रज आणि पुढे खंबाटकी चढायचा असतो. एप्रिल-मे महिन्यात, माल भरलेला, रेडिएटर क्षाराने अर्धा तुंबलेला. घाटात काटा लालकडे जातो. त्यावर एक प्रचलित इलाज आहे: थर्मोस्टॅट वॉल्वच काढून टाकायचा. "वॉल्व काढला, आता गरम होणार नाही," असं सांगून गाडी परत दिली जाते.

थर्मोस्टॅटचं काम काय, ते आधी पाहू. इंजिन गार असताना हा वॉल्व रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. पाणी साधारण 80 अंशांपुढे गेलं की तो उघडू लागतो. वॉल्व काढून टाकला, तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं. घाटात थोडा फरक पडतो खरा, पण रेडिएटर तुंबलेला आहे तो तसाच राहतो. आणि पुण्यात, जिथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, तिथे ही गाडी कधी नीट तापतच नाही.

आता तिचं रोजचं काम बघा. अवजड गाड्यांना दिवसा शहरात बंधनं, म्हणून बरीचशी हालचाल रात्री आणि पहाटे. मार्केट यार्डातून माल उचलला, स्वारगेटवरून पेठेत उतरवला, इंजिन बंद. तासाभराने पुन्हा तेवढाच फेरा. पाण्याचा काटा जेमतेम हलतो. ऑइल तर पाण्याच्याही मागून तापतं. काटा मध्यावर आला म्हणजे चेंबरमधलं ऑइल तापलं, असं धरून चालत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पण 50-60 अंशांवर अडकलेल्या ऑइलला त्याचा काय उपयोग? त्यात उतरलेली वाफ उडून जायला मार्गच नाही. रोजच्या आखूड फेऱ्यांत ती साठत जाते आणि झाकण पांढरं होतं.

म्हणून दूध दिसल्यावर मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: वॉल्व आत आहे का? नसेल तर नवा बसवा, रेडिएटर साफ करून घ्या, झाकण पुसून कोरडं करा, आणि गाडी तासभर तरी महामार्गावर ओझ्यासह पळवून आणा. पाण्याची पातळी न हलता झाकण आठवडाभर स्वच्छ राहिलं, तर हेडला हात लावायचं कारण नाही. ब्रीदरची नळी काजळीने बुजली असेल तीही मोकळी करा. ती बुजलेली असली तर वाफेला जायला वाट नसते आणि सगळा दोष नाहक गॅस्केटवर येतो.

5. दूध कुठे आहे

झाकण एकटं साक्षीला पुरत नाही. चार ठिकाणी बघायचं.

झाकण आणि टॅपेट कव्हरचा वरचा भाग पांढरा, पण पट्टीवरचं, म्हणजे डिपस्टिकवरचं, ऑइल काळं किंवा तपकिरी, पातळीही वाढलेली नाही: बहुधा वाफेचं पाणी.

पट्टीवरचं ऑइलच दुधाच्या चहाच्या रंगाचं, आणि पातळी खुणेच्या वर: पाणी चेंबरपर्यंत पोहोचलंय आणि ते वाफेचं नाही. इंजिन चालू करू नका.

चेंबरचा ड्रेन नट. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता खाली पारदर्शक बाटली धरून नट अगदी सावकाश, थोडाच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून सुटं पाणी असेल तर आधी तेच येईल. इमल्शन झालेलं पाणी मात्र रात्रीत वेगळं होत नाही. ती बाटली दोन दिवस उन्हात ठेवून तळाशी थर बसतो का ते बघा.

चौथं ठिकाण रेडिएटर. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टोपी उघडा. गरम रेडिएटर उघडून चेहरा भाजून घेतलेले लोक गॅरेजमध्ये कमी नाहीत. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा टोपीखाली तपकिरी चिखल असेल, तर ऑइल पाण्यात जातंय. याचा अर्थ पुढे.

आणि पातळीची नोंद ठेवा. रेडिएटर किंवा एक्स्पान्शन टाकीवर पेनने खूण करा, रोज पहाटे थंड गाडीत बघा. बाहेर कुठे गळत नसताना पाणी रोज कमी होत असेल, तर ते कुठेतरी आत जातंय. या साध्या खुणेतून जे कळतं, ते नुसतं झाकण बघून कधीच कळत नाही.

6. तव्यावरचा थेंब

ऑइलमध्ये पाणी आहे की नाही, याची जुनी चाचणी जगभर चालते. लोखंडी पत्रा किंवा तवा चांगला तापवायचा, आच बंद करायची आणि पट्टीवरचे दोन थेंब त्यावर सोडायचे. चष्मा घालायचा, तोंड लांब ठेवायचं. ऑइल नुसतं पसरून धूर आला तर पाणी नाही. तडतडलं, बुडबुडे उसळले तर पाणी आहे.

पण इथे एक फसगत आहे. ही चाचणी हजारात एक भाग पाण्यालाही तडतडते. चेंबरमध्ये 12 लिटर ऑइल असेल, तर हजारावा भाग म्हणजे 12 मिलिलिटर, जेमतेम चमचाभर. थंडीत आखूड फेऱ्या मारणाऱ्या गाडीत एवढं पाणी सहज असू शकतं. म्हणून ऑइल तडतडलं म्हणजे हेड गेलं, असा निकाल देता येत नाही. आता उलट बाजू: 600 मिलिलिटर कूलंट आत गेलं असेल, तर ते 12 लिटरच्या पाच टक्के झालं. पट्टीच्या दोन खुणांमध्ये समजा तीन लिटरचं अंतर असेल, तर पातळी त्या अंतराच्या पाचव्या भागाने वर चढलेली दिसेल. तवा सांगतो पाणी आहे; किती आहे ते पट्टी सांगते. दोन्ही मिळून अर्थ लावायचा.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचीही सोय आहे. कूलंटच्या रसायनांत सोडियम, पोटॅशियम असतात. ते ऑइलमध्ये सापडले तर पाणी रेडिएटरचं, न सापडले तर वाफेचं. कागदावर हे सुंदर आहे. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत कूलंट कुठे असतं? नळाचं, नाहीतर बोअरचं पाणी भरलेलं असतं. अशा गाडीत रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये शिरलं, तरी अहवालात त्याची ठळक खूण उमटत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की शंका आली की आधी रेडिएटर धुऊन रंगीत कूलंट भरा आणि मग ऑइल बदलून काही दिवस गाडी चालवा. पुढचा नमुना नीट बोलेल. शिवाय बोअरच्या पाण्याचा क्षार बसणं थांबेल, ते निराळंच.

7. कूलंट आत शिरण्याच्या वाटा

पातळी घटतेय, पट्टीवर दूध आहे, वॉल्व जागेवर आहे. आता पाणी बाहेरचंच. तरीही वाटा चार आहेत आणि हेड गॅस्केट ही त्यांतली एकच.

हेड गॅस्केट फाटण्याचेही दोन प्रकार. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फाटलं, तर जळणाचा दाब पाण्यात घुसतो: थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये बघितलं की सतत बुडबुडे दिसतात, होज पाइप लगेच टणक होतात, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. अशा वेळी ऑइलचं दूध होईलच असं नाही. पाण्याची वाट आणि ऑइलची वाट यांच्यामध्ये फाटलं, तर उलट: दूध होतं पण बुडबुडे नाहीत. म्हणून बुडबुडे दिसले नाहीत, एवढ्यावरून गॅस्केट निर्दोष ठरत नाही. हेडला तडा असेल तरी याच खुणा दिसतात. तो फेसिंग करणाऱ्याकडे दाबाची चाचणी करूनच कळतो.

दुसरी वाट ऑइल कूलरची, आणि ती सर्वांत फसवी. कूलरमध्ये एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहतं, मध्ये पातळ धातू. त्याला भोक पडलं की काय होतं, ते दाबावरून ठरतं. गाडी चालू असताना ऑइलचा दाब तीन-चार किलो, रेडिएटरमधला एक किलोच्याही आत. म्हणजे चालत्या गाडीत ऑइल पाण्यात जातं आणि रेडिएटरमध्ये तपकिरी चिखल होतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्य होतो, पण गरम पाण्याचा दाब अजून टिकलेला असतो. आता प्रवाह उलटतो आणि पाणी ऑइलमध्ये शिरतं. दोन्हीकडे एकमेकांची भेसळ दिसली, रेडिएटरमध्ये बुडबुडे नसले, तर हेड उतरवण्याआधी कूलर काढून त्यावर हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवून बघा. काम थोडं, आणि निकाल लगेच मिळतो.

तिसरी वाट लायनरची. लायनर कोरडा की ओला, हे आपल्या इंजिनाबद्दल आधी माहीत करून घ्या. कोरड्या लायनरभोवती ब्लॉकची भिंत असते, पाणी त्याला स्पर्श करत नाही. ओल्या लायनरच्या बाहेरच्या अंगालाच पाणी असतं आणि खालच्या टोकाला रबरी रिंगा ते अडवतात. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन या रिंगा कडक होतात आणि पाणी थेट चेंबरमध्ये टिपकतं, गाडी उभी असतानासुद्धा. ओल्या लायनरला आणखी एक रोग आहे. प्रत्येक स्फोटागणिक लायनर कंप पावतो, त्याच्या बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि त्या फुटण्याचा मारा धातूला हळूहळू खात जातो. शेवटी सुईच्या अग्राएवढं भोक आरपार जातं. योग्य कूलंटमधली रसायनं धातूवर संरक्षक थर धरतात. साधं पाणी ते करू शकत नाही.

लायनरची गळती शोधायची रीत अशी: इंजिन थंड, ऑइल काढलेलं, चेंबर उतरवलेला. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची, खाली कोरडा कागद पसरायचा आणि बॅटरी घेऊन गाडीखाली जायचं. थेंब कोणत्या सिलिंडरखाली पडतोय ते डोळ्यांनी दिसतं. दाब पडतोय पण खाली थेंब नाही, तर पाणी वर, सिलिंडरमध्ये किंवा हेडमध्ये जातंय. या एका चाचणीने शोधाची अर्धी जागा एकदम गाळली जाते. ती न करता हेड खोलणाऱ्याकडे गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी वाट ट्रकची खास आहे, कारची सवय असलेल्या मिस्त्रीच्या ती लक्षात येत नाही. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. त्याला ऑइल इंजिनातून मिळतं, आणि पुष्कळ गाड्यांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड केलं जातं. त्याचं छोटं गॅस्केट गेलं की पाणी ऑइलच्या परतीच्या वाटेने चेंबरमध्ये येतं. तपासायला कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन नळ्या सोडवून एकमेकींना जोडायच्या आणि थोडं चालवून बघायचं. पातळी घटायची थांबली तर चोर सापडला. फार वेळ असं चालवू नये, कॉम्प्रेसर तापतो. एअर टाकीच्या ड्रेन कॉकमधून दूध निघालं, तर मात्र त्याचा अर्थ वेगळा: हवेतली ओल आणि कॉम्प्रेसरने फेकलेलं ऑइल तिथे मिसळलंय. इंजिन त्यात नाही.

8. बाहेरचं पाणी

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढ्याला आलेला लोंढा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत घुसला. स्वारगेटपासून हे सगळं हाकेच्या अंतरावर. माणसं दगावली, गाड्या वाहून गेल्या, आणि जागेवर राहिल्या त्यांतल्या कित्येक चिखलपाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीत पाणी पट्टीच्या नळीतून, ब्रीदरमधून आणि एअर फिल्टरमधून शिरतं. पट्टीवर दूध दिसेल हे उघड आहे. त्याहून मोठा धोका सिलिंडरमध्ये असतो.

697 च्या एका सिलिंडरचं आकारमान सुमारे 946 घन सेंटिमीटर. पिस्टन वर गेल्यावर हवा सतराव्या हिश्श्यात दाबली जाते असं धरलं, तर वर उरणारी जागा 946 भागिले 16, म्हणजे 59 घन सेंटिमीटर. चार मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पुरात बुडालेल्या गाडीला "एकदा स्टार्ट मारून बघू" हा सर्वांत महाग प्रयोग. इंजेक्टर काढा, क्रँक हाताने फिरवा, पाणी उडवून टाका, मग पुढचं.

बाहेरच्या पाण्याचा एक निरुपद्रवी वाटणारा मार्गही आहे: वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा. ब्रीदरच्या तोंडावर किंवा सैल झाकणावर तो मारला, तर दुसऱ्या दिवशी दूध दिसतं. कालच गाडी धुतली का, हे विचारायला मिस्त्रीला एक मिनिटही लागत नाही.

9. दोष सापडल्यावर

दूध झालेल्या ऑइलवर गाडी "गॅरेजपर्यंत" चालवत नेणं टाळा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो काही हजारांश मिलिमीटरचा. पाण्याचे थेंब तिथे आले की थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये राहिलं, तर आम्लं आणि चिकट गाळ तयार होऊन बारीक वाटा बुजतात. गाडी ओढून न्या.

दुरुस्ती झाल्यावर एकदा ऑइल बदलून भागत नाही. चेंबर, टॅपेट कव्हर, कूलर आणि वाटांमध्ये जुनं इमल्शन चिकटून राहिलेलं असतं. स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा, गरम असतानाच काढा, आणि मग कायमचं ऑइल भरा. डिझेलने इंजिन धुण्याची पद्धत सर्रास आहे. पण आत उरलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं, आणि हाल झालेल्या बेअरिंगला तेव्हा घट्ट थराचीच गरज असते.

काढलेला फिल्टर फेकू नका. तो कापून आतला कागद पसरवा आणि उन्हात धरा. राखाडी चमकदार कण किंवा तांबूस चकाकी दिसली, तर बेअरिंगपर्यंत इजा पोहोचली आहे. चेंबर पुन्हा उतरवून शेल बघितल्याशिवाय ती गाडी खंबाटकीला नेऊ नये.